समुद्रकिनारी सलाईन लावायचं तर कुठे: लाउंज, हॉटेलची खोली की दवाखाना

समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटननगरात सलाईन लावून घ्यायची सोय आता तीन प्रकारे मिळते. किनाऱ्यालगतचं ड्रिप लाउंज, म्हणजे आरामखुर्च्या, मंद उजेड आणि भिंतीवर पॅकेजांची यादी. फोन केला की हॉटेलच्या खोलीत बॅग घेऊन येणारी सिस्टर. आणि साध्या डॉक्टरांचा दवाखाना, जिथे आतल्या खोलीत दोन-तीन खाटा आणि सलाईनचे स्टँड असतात. मी तिन्हीकडे सलाईन लावून घेतलं आहे. कधी ऊन बाधलं म्हणून, कधी पोट बिघडलं म्हणून, कधी आदल्या रात्री दारू जास्त झाली म्हणून.

मूळ द्रव सगळीकडे तेच असतं, त्यामुळे त्याची तुलना करत बसू नये. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. आरएलमध्ये, म्हणजे रिंगर लॅक्टेटमध्ये, सोडियम जरा कमी आणि सोबत थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, लॅक्टेट. अंगातलं पाणी गेलेल्या माणसाला दोन्हींनी बरं वाटतं, मला तरी फरक जाणवलेला नाही. फरक पडतो तो पिशवीत वरून काय घातलं जातं आणि ते घालण्याआधी तुम्हाला काय विचारलं जातं, यात.

लाउंजच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तिथल्या सिस्टर दिवसभर शिराच शोधत असतात, त्यामुळे त्यांचा हात बसलेला असतो. पाणी कमी झालं की शिरा दबतात, बोटाला लागत नाहीत. अशा वेळी पहिल्याच टोचणीत व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, बसणं ही छोटी गोष्ट नाही. लाउंजमध्ये मला दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. दवाखान्यात लागलं आहे, आणि एकदा सुई शिरेबाहेर जाऊन मनगट सुजलंही आहे. शिवाय जागा स्वच्छ, वेळ ठरलेली, रात्री उशिरापर्यंत उघडं. निर्णय एवढ्यावरच करायचा असता तर मी डोळे झाकून लाउंज सांगितलं असतं.

पण तिथली एक गोष्ट मला खटकत राहिली आणि शेवटी तिनेच माझा निर्णय केला. पिशवी तयार होऊनच येते. आतल्या खोलीत काहीतरी मिसळलं जातं, पडदा सरकतो आणि पिवळसर पाण्याची पिशवी स्टँडला लागते. तिच्यावर पॅकेजचं नाव असतं, ताजेपणा, तेज अशा वळणाचं. आत काय आहे, किती आहे, कोणी मिसळलं, किती वाजता मिसळलं, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. विचारलं तर बी-कॉम्प्लेक्स, व्हिटॅमिन सी, मॅग्नेशियम एवढी नावं सांगतात आणि पुढे 'आमचं खास मिश्रण' म्हणून थांबतात. ॲम्प्यूल, म्हणजे औषधांच्या काचेच्या छोट्या कुप्या, दाखवा म्हटलं की त्या आधीच टाकून दिलेल्या असतात. एका ठिकाणी मी, माझ्यासमोर नवी पिशवी बनवा, असा आग्रह धरला. तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी अगदी नम्रपणे सांगितलं की पिशव्या सकाळीच भरून फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे गर्दीच्या वेळी लोकांना थांबावं लागत नाही.

त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. मला मात्र तेच मोठं वाटलं. कारखान्यातून आलेली पिशवी निर्जंतुक असते ती तिला सुई टोचेपर्यंत. त्यानंतर तिच्या स्वच्छतेची हमी म्हणजे टोचणाऱ्याचा हात, टेबल आणि त्या क्षणापासून गेलेला वेळ. नीट जागा आणि नीट यंत्रणा नसताना तास-तास आधी मिसळून ठेवलेल्या द्रवात एखादा जंतू शिरला असेल तर त्याला वाढायला सवड मिळते, आणि तो पोटात जात नाही, थेट रक्तात जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दवाखाने आणि ड्रिप क्लिनिकांमधल्या अस्वच्छ मिश्रणाबद्दल जाहीर इशारा दिला होता, तो याच कारणाने. शिवाय बी-कॉम्प्लेक्समधल्या रायबोफ्लेविनने (व्हिटॅमिन बी२) सगळी पिशवी पिवळी होते. साध्या सलाईनमध्ये जो गढूळपणा चटकन दिसतो तो अशा पिशवीत दिसेलच असं नाही.

लेबलचा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. बी-कॉम्प्लेक्समधलं थायमिन (व्हिटॅमिन बी१) शिरेतून दिल्यावर क्वचित कोणाला जोराची ॲलर्जी येते. ती आली आणि तुम्हाला रुग्णालयात हलवावं लागलं, तर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील: काय दिलं होतं? त्याला पॅकेजचं नाव हे उत्तर नाही.

दारूनंतरच्या उतारा पॅकेजबद्दल मी विशेष सांगेन. त्यात बहुतेकदा उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डोकेदुखीसाठी केटोरोलॅक असतं. केटोरोलॅक हे दमदार वेदनाशामक आहे, पण अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला जड जातं. पोटात व्रण असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची भीती. म्हणजे ज्या अवस्थेत माणूस सलाईनला येतो, नेमक्या त्याच अवस्थेत ते विचारपूर्वक द्यायचं औषध. व्हिटॅमिन सीचा मोठा डोसही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात, आणि मधुमेह्यांच्या काही ग्लुकोमीटरवर साखर खोटीच वाढलेली दिसते. लाउंजच्या फॉर्मवर मला ॲलर्जी आणि रक्तदाब विचारला होता. जी६पीडी नाही, चालू गोळ्या नाहीत.

हॉटेलच्या खोलीत येणाऱ्या सेवेबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण माझा अनुभव बरा-वाईट मिसळलेला आहे. उलट्यांनी बिछान्यातून उठवत नसेल तर तिला पर्याय नाही, आणि पिशवी तुमच्या डोळ्यांसमोर बनते हा लाउंजपेक्षा मोठा फायदा. ज्या सिस्टर आल्या त्यांनी ॲम्प्यूल एकेक करून दाखवल्या, वापराची मुदत वाचू दिली, सुया टाकायचा पिवळा डबाही सोबत आणला होता. अडचण दुसरीच होती. खोलीत उजेड कमी, पिशवी पडद्याच्या दांडीला टांगलेली, आणि त्यांच्या फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाची विचारणा सुरू. थेंबांची गती वाढवत नेली तेव्हा मॅग्नेशियममुळे मानेपासून छातीपर्यंत गरम लाट गेली आणि डोकं हलकं झालं. गती कमी केल्यावर थांबलं, हे होतंच म्हणतात. पण खोलीत त्या एकट्या होत्या, आणि डॉक्टर फोनच्या पलीकडे. जोराच्या ॲलर्जीवर लगेच द्यायचं ॲड्रेनालिन बॅगेत आहे का, हे मी आता फोनवरच विचारतो. उत्तराला वेळ लागला तर बोलावत नाही.

दवाखान्यात थांबावं लागतं. शेजारच्या खाटेवर खोकणारं कोणीतरी असतं, पंख्याचा आवाज असतो, आणि रविवारी दार बंद. तरी माझा कल तिकडेच आहे. तिथे सलाईनच्या आधी डॉक्टर बसवून विचारतात: लघवी कधी झाली, रंग कसा होता, ताप आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. एका दवाखान्यात मला विचारलं गेलं की गेल्या दोन दिवसांत स्कूबा डायव्हिंग केलं का. समुद्रकिनारी हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. डायव्हिंगनंतरची सांधेदुखी, मुंग्या, विलक्षण थकवा हा नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास असू शकतो. तो अंगावर काढायचा नसतो, तिथे ऑक्सिजन आणि प्रेशर चेंबरची सोय लागते. तापाचंही तसंच. डासांच्या मोसमात ताप आणि अंगदुखी डेंग्यूची असली तर केटोरोलॅक हेच टाळायचं औषध. ऊन लागून माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग ४० अंशांवर तापलं, तर या तिन्हीपैकी कुठेही न जाता थेट रुग्णालय. हे प्रश्न मला लाउंजमध्ये कोणी विचारले नाहीत, खोलीत अर्धेमुर्धे विचारले, दवाखान्यात पूर्ण विचारले.

मिश्रणाचं म्हणाल तर दवाखान्यात साधी पारदर्शक पिशवी समोर फोडतात. काही घालायचंच असेल तर ॲम्प्यूल तुमच्यासमोर मोडतात, आणि कागदावर औषधाचं नाव व मात्रा लिहून देतात. मी मागितलेलं 'तेज' तिथे मिळालं नाही, त्याची गरज नाही म्हणाले. अशा पॅकेजात कांतीसाठी घालतात त्या ग्लुटाथायोनने कांती उजळते की नाही या वादात मी पडत नाही, पण गरज नाही असं म्हणू शकणारी जागा मला जास्त भरवशाची वाटते.

त्याच डॉक्टरांनी मला एकदा सलाईन न लावताच परत पाठवलं होतं. तोंडाने पाणी राहत असेल तर ओआरएस प्या, म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आतड्यात ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, हेच त्याचं सगळं काम. घोट-घोट घेतलं तर ते शिरेतल्या पिशवीपेक्षा फारसं मागे पडत नाही. संध्याकाळपर्यंत मी चालता-फिरता झालो होतो.

निरोगी, तरुण माणूस असाल, नुसता थकवा असेल आणि आराम हवा असेल, तर लाउंजला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त साधं सलाईन मागा, वरून काही घालू देऊ नका, आणि सीलबंद पिशवी तुमच्यासमोर उघडायला सांगा. जिथे याला तयार होतात ती जागा चांगली चालवलेली असावी, असा माझा समज आहे. उलट्या थांबत नसतील आणि सोबत कोणी असेल तर खोलीत बोलावणं समजण्यासारखं आहे. सोबत वयस्कर माणूस असेल, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र मी तुलना करणारच नाही. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं सांगतात, आणि लिटरभर नॉर्मल सलाईन तासाभरात ९ ग्रॅम आत सोडतं. अशा माणसाला डॉक्टर समोर असल्याशिवाय पिशवी लावू नये. रविवार असेल तर दवाखान्याऐवजी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.