जिवाणूची पेशी आणि वनस्पती-प्राण्यांची पेशी: फरक नेमका कुठे?

आधी आकार. ४०० पट मोठी करून पाहिली की कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी केंद्रकासकट स्वच्छ दिसते. जिवाणू नीट पाहायला १००० पट वर्धन आणि भिंगाखाली तेलाचा थेंब लागतो. बहुतेक जिवाणू १ ते ५ मायक्रोमीटरचे, तर प्राणीपेशी साधारण १० ते ३० मायक्रोमीटरच्या.

जिवाणूत केंद्रक नाही, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया) नाहीत. डीएनए पेशीद्रवातच असतो, त्यामुळे त्याची नक्कल, म्हणजे आरएनए, तयार होत असतानाच रायबोसोम हे सूक्ष्म कण त्यावरून प्रथिन बनवू लागतात. आपल्या पेशीत आरएनएला आधी केंद्रकाबाहेर यावं लागतं.

सगळ्यात कामाचा फरक भित्तिकेचा, म्हणजे पेशीभोवतीच्या कडक आवरणाचा. वनस्पतींची सेल्युलोजची, जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांची जाळी). प्राणीपेशीला ती नसतेच. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनचे धागे एकमेकांना जोडू देत नाही. मग वाढता जिवाणू आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने फुटतो आणि आपल्या पेशी शाबूत राहतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला मात्र भित्तिकाच नाही, म्हणून तिथे पेनिसिलिन निरुपयोगी! तिथे डॉक्सिसायक्लिनसारखं, रायबोसोमवर काम करणारं औषध लागतं. जिवाणूंचे रायबोसोम ७०एस, आपल्या पेशीद्रवातले ८०एस (एस म्हणजे कण द्रवात किती वेगाने खाली बसतो त्याचं एकक). पण आपल्या तंतुकणिकांमधले रायबोसोम जिवाणूंशी मिळतेजुळते असतात. लिनेझोलिड हे रायबोसोमवरच काम करणारं प्रतिजैविक दीर्घकाळ घेतल्यावर होणारे काही दुष्परिणाम त्यातूनच येतात.