अडतीस गाणी की सोळा? स्टीव्ही वंडर घरी आणताना

आमच्या मित्रमंडळात कुणाला स्टीव्ही वंडर या अमेरिकन गायक-संगीतकाराची गोडी लागली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "एकच काहीतरी घ्यायचंय, कोणतं घेऊ?" खरं तर 'टॉकिंग बुक', 'इनरव्हिजन्स' आणि 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' हे तिन्ही अल्बम घ्यावेत. पण एकच मागणाऱ्याला तीन नावं सांगणं म्हणजे तहानलेल्याच्या हातात कुदळ देऊन विहीर दाखवणं. त्याला निवडक गाण्यांचा संग्रहच हवा असतो आणि त्यात काही गैर नाही. मीही तिथूनच आत शिरलो.

माझ्याकडे असे दोन संग्रह आहेत. 'द डेफिनिटिव्ह कलेक्शन' २००२ चा, दोन सीडी, अडतीस गाणी. माझा भाऊ लंडनला होता तेव्हा त्यानं आणलेला. दुसरा १९८२ चा 'ओरिजिनल म्युझिक्वेरियम वन', दोन एलपी, सोळा गाणी. तो मुंबईत जुन्या रेकॉर्डच्या ढिगाऱ्यात सापडला, कव्हरचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. (नावातल्या त्या 'वन'चं कोडं मला अजून सुटलेलं नाही. 'टू' कधी आलाच नाही.) आणि हो, 'डेफिनिटिव्ह' नावाचीच एका डिस्कची अमेरिकन आवृत्तीही आहे, एकवीस गाण्यांची. घेताना मागची यादी बघून घ्या. मी दोन डिस्कवाल्याबद्दल बोलतोय.

आधी मोठ्याबद्दल, कारण बहुतेकांना तोच हवा असतो आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे स्टीव्ही वंडर म्हणजे 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'. गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, कीबोर्डच्या क्लासात, सगळीकडे तेच. ते १९८४ चं, म्हणजे 'म्युझिक्वेरियम' निघून दोन वर्षं झाल्यावरचं. साहजिकच त्यात ते नाही. त्या गाण्याला जाणकार लोक नाकं मुरडतात, पण त्याच गाण्यासाठी मिळालेलं ऑस्कर त्यानं मार्च १९८५ मध्ये तुरुंगातल्या नेल्सन मंडेलांच्या नावानं स्वीकारलं आणि लगेच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रेडिओनं त्याच्या गाण्यांवर बंदी घातली. इतक्या गोडमिट्ट गाण्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. तर तुम्हाला, किंवा घरातल्या कुणाला, हे गाणं हवंच असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, 'डेफिनिटिव्ह' घ्या.

शिवाय साठचं दशक सगळं तिथेच आहे. 'अपटाइट', 'फॉर वन्स इन माय लाइफ', 'माय शेरी आमूर', आणि त्याला लागूनच १९७० चं 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड'. 'फिंगरटिप्स'ही आहे, ज्यानं १९६३ मध्ये तेरा वर्षांच्या या पोराला अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. शिकागोच्या थिएटरात लोकांसमोर झालेलं ते रेकॉर्डिंग, मागे ड्रमवर मार्विन गे, आणि पोरगं हार्मोनिका वाजवत स्टेजवरून हटायलाच तयार नाही. हे ऐकल्याशिवाय राहू नये.

माझी पहिली बारीकशी कुरकुर इथे आहे. गाणी काळाप्रमाणे लावलेली नाहीत. सुरुवात 'सुपरस्टिशन'नं होते, १९७२ पासून, आणि तेरा वर्षांचा तो मुलगा भेटतो दुसऱ्या डिस्कवर. आधी दाढी येते, मग आवाज फुटतो. रेडिओवर असं चालतं, सहलीला जाताना तर उलट बरंच वाटतं. घरी बसून ऐकताना मात्र मला दर चार मिनिटांनी कुणीतरी खुर्ची बदलायला लावतंय असं वाटायचं. पण हे चालवून घेता येतं. मी तीन-चार वर्षं घेतलंच.

'म्युझिक्वेरियम'मध्ये फक्त दहा वर्षं आहेत, १९७२ ते १९८२. ही दहाच का? मोटाउन या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा स्टीव्हीचा करार १९७१ मध्ये, तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा, संपला. नवीन करारात त्यानं आपल्या गाण्यांवरचा ताबा स्वतःकडे घेतला. त्याच सुमारास तो रॉबर्ट मार्गोलेफ आणि माल्कम सेसिल या जोडीच्या 'टॉन्टो' नावाच्या खोलीभर पसरलेल्या सिंथेसायझरपाशी जाऊन बसला. 'सुपरस्टिशन'मधले ड्रम तोच वाजवतो, ती खरखरीत क्लॅव्हिनेटही (विजेवरचा कीबोर्ड) त्याचीच. ज्या स्टीव्हीसाठी जग वेडं झालं तो याच दहा वर्षांतला, आणि हा संग्रह त्यानं तेव्हाच, स्वतः चालू असताना काढला. म्हणून असेल, पण त्याच्या चारही बाजू एकेका बैठकीसारख्या लागतात. एकूण बारा जुनी गाणी आणि चार कोरी.

पहिली बाजू संतापाची. 'यू हॅव्हन्ट डन नथिन' अमेरिकेचे अध्यक्ष निक्सनवर, १९७४ चं, निक्सन पायउतार झाला त्याच महिन्यातलं, मागे कोरसला जॅक्सन फाइव्ह. त्याला लागून 'लिव्हिंग फॉर द सिटी', आणि शेवटी 'फ्रंट लाइन', व्हिएतनामहून पाय गमावून आलेल्या शिपायाचं. दुसरी बाजू प्रेमाची. तिथे 'यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ' आहे. त्याच्या पहिल्या ओळी स्टीव्ही गातच नाही, जिम गिलस्ट्रॅप आणि लॅनी ग्रोव्ह्ज गातात. तो नंतर येतो. हे मला कुणी सांगेपर्यंत दहा वर्षं मी सगळं त्याचंच समजत होतो. तिसरी बाजू 'हायर ग्राउंड'नं सुरू होते. ऑगस्ट १९७३ च्या मोटार अपघातानंतर तो बेशुद्ध होता तेव्हा एका सहकाऱ्यानं हेच गाणं त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं आणि त्याची बोटं हलायला लागली, असं सांगतात. त्याच बाजूवर जॅझचा दिग्गज ड्यूक एलिंग्टनला दंडवत घालणारं 'सर ड्यूक' आणि बॉब मार्लेला सलाम करणारं 'मास्टर ब्लास्टर'. चौथ्या बाजूबद्दल थोडं थांबून सांगतो.

कारण माझा निकाल चौथ्या बाजूवरच लागला, आणि तोही बाथरूमच्या दारात.

आमची मुलगी झाली तेव्हा तिची अंघोळ आईच्या ताब्यात होती. पाटावर पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेल, मग पाणी. मला आत प्रवेश नव्हता. माझं काम बाहेरच्या खोलीत गाणी लावणं. गाणं अर्थातच 'इझन्ट शी लव्हली'. स्टीव्हीनं ते स्वतःच्या लेकीवर, आयेशावर, केलं. सुरुवातीला तान्ह्या बाळाचं रडणं, आणि शेवटाकडे हार्मोनिकाच्या मागे बाळाला अंघोळ घालतानाचे आवाज, पाण्याची चुबुकचुबुक, बापलेकीच्या गप्पा. याहून योग्य गाणं कुठलं?

मी 'डेफिनिटिव्ह'ची डिस्क लावली. तिकडे आईनं पहिला तांब्या ओतला. इकडे तीन कडवी झाली, हार्मोनिका रंगात येते न येते तोच आवाज विरत गेला आणि भलतंच गाणं सुरू झालं. सव्वातीन मिनिटं. आतून आईचा आवाज: "बंद का केलंस रे? अजून डोक्यावरून पाणी जायचंय तिचं."

मी बंद केलं नव्हतं, गाण्याचाच निम्मा भाग कापलेला होता. आणि कापलेला भाग नेमका अंघोळीचा!

नंतर एलपी हाती आली. तिच्या चौथ्या बाजूवर ते गाणं अख्खं साडेसहा मिनिटांचं आहे. त्याच्यावर आईची अंघोळ (तेल सोडून, नुसतं पाणी आणि पुसणं) बरोब्बर बसायची. पंच्यात गुंडाळलेलं गाठोडं बाहेर येई तेव्हा हार्मोनिका संपत आलेली असे. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही हे मला कळतं. पण सहा महिने रोज करून पाहिलेलं आहे.

दुखणं जास्त अशासाठी की १९७६ मध्ये हे गाणं अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं नाही, कारण ते छोट्या तबकडीत बसवण्यासाठी कापायला स्टीव्ही तयार नव्हता. म्हणजे हिट व्हायची संधी त्यानं सोडली, पण लेकीची अंघोळ कापली नाही. आणि सव्वीस वर्षांनी ती एका संग्रहात आपल्याला कापूनच मिळते.

आता कुणी म्हणेल, छोटं करण्याचं आपल्याला काय वावडं? आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवले, हिराबाई बडोदेकरांनी बसवले, आणि आपण ते अजून डोळे मिटून ऐकतो. खरं आहे. पण तिथे काय गाळायचं ते गाणाऱ्यानं ठरवलं होतं. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांचं म्हणूनच गळ्यातून आलं. इथे साडेसहा मिनिटांचं गाणं गाऊन झाल्यावर दुसऱ्यानं शिवण उसवली आहे.

एकदा लक्षात आलं की मग सगळीकडे टाके दिसायला लागतात. 'लिव्हिंग फॉर द सिटी' हे सात मिनिटांहून मोठं. मधे चक्क एक छोटं नाटक आहे: मिसिसिपीहून बसनं न्यूयॉर्कला आलेला तरुण, गगनचुंबी इमारती पाहून थक्क झालेला, पाच मिनिटांत फसवला जातो, पकडला जातो, शिक्षा होते, कोठडीचं दार बंद. त्या तरुणाचा आवाज स्टीव्हीच्या भावाचा, कॅल्व्हिनचा. दारापाठोपाठ स्टीव्ही परततो तो असा घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात की वाटतं दुसराच माणूस गातोय. 'डेफिनिटिव्ह'मध्ये नाटकही नाही आणि तो घोगरा आवाजही नाही. गाणं गोड वाटतं. मी वर्षानुवर्षं ते गोड गाणं समजून ऐकलं, हीच माझी तक्रार. 'डू आय डू' तर दहा मिनिटांहून मोठं, त्यात जॅझवादक डिझी गिलेस्पीची ट्रम्पेट. तेही तिथे आखूड केलेलं आहे.

यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. एका सीडीत जेमतेम ऐंशी मिनिटं मावतात. एकोणीस गाणी कोंबायची तर प्रत्येकाला सरासरी चार मिनिटं. मग सातवाल्याला आणि दहावाल्याला कात्री लागणारच. 'म्युझिक्वेरियम'मध्ये सोळा गाण्यांना साधारण ८६ मिनिटं दिली आहेत. दारावर "अडतीस गाणी" अशी पाटी असते तेव्हा आपल्याला जास्त मिळाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझ्या लाडक्यातही खोट आहे, ती लपवत नाही. साठच्या दशकातलं एकही गाणं नाही. 'ॲज' नाही, 'लेटली' नाही, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिवसाची सुट्टी मागणारं 'हॅपी बर्थडे' नाही. 'सुपरवुमन' आठ मिनिटांचं आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात ते जरा रेंगाळतं असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर असावं. आणि एलपीच घेणार असाल तर चौथी बाजू ऐकूनच घ्या. ती जवळपास २६ मिनिटांची आहे, म्हणजे खाचा दाटीवाटीनं कोरलेल्या, आणि 'डू आय डू' अगदी आतल्या फेऱ्यांत. सुई जुनी असेल तर डिझीची ट्रम्पेट चरचरते. माझ्या प्रतीत चरचरतेच. त्यापेक्षा याची दोन सीडींची प्रत मिळाली तर ती घ्या. मला मिळाली असती तर मीही तीच घेतली असती, बहुधा.

मोबाइलवर दोन्ही ऐकता येतात, मग विकत कशाला, हा प्रश्न भाचा विचारतो. त्याला मी एवढंच सांगितलंय की गाण्याच्या नावापुढे वेळ लिहिलेली असते ती बघ. 'इझन्ट शी लव्हली'पुढे साडेसहा दिसले तर ठीक. तीनच्या आसपास दिसले तर परत जा आणि दुसरीकडून ऐक.

गाडीत मात्र मी अजूनही 'डेफिनिटिव्ह'च ठेवतो. घाटात आईला 'आय जस्ट कॉल्ड' लागतं आणि ती सोबत गुणगुणते. तिथे मी वाद घालत नाही.

गेल्या आठवड्यात ज्या मित्राचा फोन आला होता, त्यालाही हे सगळं असंच सांगितलं. तो "हो हो" म्हणाला आणि अडतीसवाला घेऊन आला. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे त्याच्या. मी काही बोललो नाही. रविवारी तिघांना जेवायला बोलावलंय. चौथी बाजू लावून ठेवणार आहे.