ग्रीस-तुर्की टूर: कंपनीला तीन स्टार, येनी जामीला पाच

कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्याकडून मे महिन्यात ग्रीस-तुर्की करून आलो, मी, नवरा आणि सासूबाई. कंपनीचं नाव टाकत नाहीये, ऑफिसातली मुलगी फोनवर खूप गोड बोलायची, उगाच तिला त्रास नको. व्हिसाचे कागद नीट करून दिले, नाशिकहून मुंबई एअरपोर्टची गाडी वेळेत आली, व्हेज जेवण सगळीकडे मिळालं (रोज तीच दाल फ्राय, पण मिळालं). इथपर्यंत ठीक.

माझी तक्रार थेस्सलोनिकीची आहे, ग्रीसमधलं जुनं बंदराचं शहर. इस्तंबूलहून तिथे उतरायचं, एक रात्र झोपायचं आणि मेटेओराकडे (उंच कड्यांवरचे मठ) पळायचं असा प्लॅन, शहरासाठी दोन तास, तेही अर्धे बसमध्ये. आणि यादीत शेवटी "ओल्ड मॉस्क, आउटसाइड व्ह्यू". आमच्या ग्रुपमध्ये लगेच कुजबुज, मशीद कशाला, त्यापेक्षा शॉपिंगला सोडा.

तिथली लोकल गाइड बाई मात्र भारी निघाली. तिने बस थांबवली आणि म्हणाली ही येनी जामी, म्हणजे नवी मशीद. १९०२ ची नवी! आपलं नवीन नाशिक जसं म्हातारं झालं तरी नवीनच, तसं. बांधली इटालियन आर्किटेक्टने, व्हितालियानो पोझेली, ज्याने त्याच शहरात कॅथलिक चर्च आणि आर्मेनियन चर्चपण बांधलंय. आणि मशीद कुणासाठी, तर डोन्मे लोकांसाठी. हे ऐकून मी बसमधून उतरलेच.

गोष्ट अशी की १४९२ ला स्पेनमधून ज्यूंना हाकललं तेव्हा खूप जण या शहरात आले, इतके की पुढे शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या सुट्टीच्या वारी, बंदर बंद असायचं. १६६६ मध्ये सबाताई झेवी नावाचा ज्यू माणूस, जो स्वतःला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार म्हणवायचा, त्याला तुर्की सुलतानाने (तेव्हा हे शहर त्याच्याच राज्यात) धमकावल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला, आणि पुढे त्याच्या मागे जी कुटुंबं मुसलमान झाली त्यांना तुर्कीत डोन्मे म्हणतात, म्हणजे वळलेले. बाहेरून मुसलमान, आत आपल्या जुन्या चालीरीती, लग्नं आपापसातच. म्हणून या मशिदीच्या नक्षीत ज्यूंचे सहा टोकांचे तारे आहेत, आणि कमानी स्पेनसारख्या, घोड्याच्या नालासारख्या. हे सगळं एका बिल्डिंगमध्ये, आणि आमची कंपनी म्हणते आउटसाइड व्ह्यू.

त्यात दार बंद. आत प्रदर्शन लावायचं काम चालू होतं, कंपनीने आधी चौकशीच केली नव्हती. एक फोन लागतो हो.

दुसऱ्या दिवशी बस साडेदहाला निघणार होती, तर आम्ही तिघं सकाळीच टॅक्सी करून परत गेलो, आणि प्रदर्शनाची मांडामांड उरकली होती, दार उघडं. अंगणात संगमरवरी पुतळे आणि जुन्या दगडी शवपेट्या ठेवल्यात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मशिदीत मूर्ती कशा?" तर १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली, धर्म बघून, म्हणून इथले मुसलमान तिकडे आणि तिकडचे ख्रिश्चन इकडे. डोन्मेपण कागदावर मुसलमान, त्यांनाही जावं लागलं. मशीद रिकामी, मग तिकडून आलेले निर्वासित त्यात राहिले, मग १९२५ पासून पुराणवस्तू संग्रहालय, ते १९६२ ला नव्या बिल्डिंगीत गेलं. पण गल्लीचं नाव अजून पुराणवस्तू संग्रहालय मार्गच! आपला जुना आग्रा रोड आठवला. आता महापालिकेची प्रदर्शनं भरतात, आणि २०२४ ला ईदच्या नमाजासाठीही उघडली होती.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ज्यांना १९२३ ला मुसलमान म्हणून घरदार सोडायला लावलं ते वाचले, आणि जे ज्यू म्हणून शहरात राहिले त्यातल्या पंचेचाळीस हजारांवर लोकांना जर्मनांनी १९४३ मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. सासूबाई ऐकून गप्पच झाल्या, त्यांचं माहेर नाशिकरोडचं, बाळ येशूच्या यात्रेला लहानपणी मैत्रिणीबरोबर जायच्या, पुढे कितीतरी वेळ त्याच मैत्रिणीबद्दल बोलत होत्या.

जाताना रोटुंडापण पाहून घ्या, आधी रोमन इमारत, मग चर्च, मग १९१२ पर्यंत मशीद, आणि शहरात उरलेला एकमेव मिनार तिथेच आहे. कंपनीने हे बसच्या काचेतून दाखवलं, डावीकडे, ज्यांना उजवीकडे सीट त्यांनी काय करायचं देव जाणे.

तर बुक करताना थेस्सलोनिकीला दोन रात्री मागा, कंपनी "जास्त पैसे पडतील" म्हणेल, द्या. आणि येनी जामी आतून उघडी आहे का ते त्यांना आधीच विचारायला लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. सकाळी बुगात्सा खा, आत गोड शिऱ्यासारखं सारण असलेली पातळ पापुद्र्यांची, सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि आम्ही नेलेला चिवडा तसाच परत नाशिकला आला.