गेटच्या रिमोटची रेंज वाढवून देतो म्हणाला आणि 22,700 रुपये घेऊन गेला

आधी रक्कम सांगते. पहिली व्हिजिट 700, 'बूस्टर' 6,800, दुसरी व्हिजिट 1,500, आरशाचं 'प्रोग्रामिंग' 9,500, 'फ्रिक्वेन्सी लायसन्स' 4,200. एकूण 22,700 रुपये. सगळे मी माझ्या हाताने, माझ्या फोनवरून पाठवले. खरा बिघाड निघाला गेटच्या खांबावरच्या 350 रुपयांच्या दिव्यात. घरात हे सांगायची हिंमत व्हायला मला आठ दिवस लागले.

आमचं घर इंदूरला, जुन्या मराठी वस्तीत. समोरचा रस्ता अरुंद आणि संध्याकाळी वाहनांनी भरलेला. सरकतं गेट मोटरवर चालतं. गाडी सेकंडहँड पण परदेशी बनावटीची, आणि तिच्या आरशाखाली होमलिंकची, म्हणजे गाडीतूनच गेट उघडायच्या रिमोटची, तीन बटणं आहेत. एक बटण गेटला जोडलेलं. पूर्वी मी कोपऱ्यावर वळले की बटण दाबायची आणि दारात पोचेपर्यंत गेट उघडलेलं असायचं. जूनपासून गेटला गाडीचं नाक टेकेपर्यंत काही होईना. मी क्लासहून रात्री साडेआठला येते. मागे पाच-सहा गाड्या हॉर्न वाजवतायत, शेजारी सासूबाई बसलेल्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पाय दुमडून फार वेळ बसवत नाही, आणि मी एकच बटण दाबतेय. अशा वेळी माणूस रिपेअरवाला शोधतो. मीही शोधला. शोरूमवाल्यांनी 'पूरा मिरर बदलना पड़ेगा' म्हणून हात झटकले होते. आपल्याकडे फार थोड्या गाड्यांत ही सोय असते, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती माहीतही नाही. म्हणून नेटवर सापडलेला नंबर लावला. बावीस वर्षं गणित शिकवते मी. कुणीही येऊन टोपी घालावी अशी बाई मी नाही, हे मला इथे लिहायलाच हवं.

माणूस आला दुपारी साडेतीनला. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. मोटरचं झाकण उघडून म्हणाला, 'रिसीव्हर कमज़ोर है, बूस्टर लगाना पड़ेगा.' काडेपेटीएवढी काळी डबी बसवली, तिच्यावर निळा दिवा लुकलुकत होता. मग मला गाडी काढायला लावली. मी कोपऱ्यावर जाऊन बटण दाबलं आणि गेट उघडलं. पूर्वीसारखं! मी आनंदाने 6,800 दिले, चहा दिला.

रात्री साडेआठला परत तेच. नाक टेकेपर्यंत गेट ढिम्म.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला, संध्याकाळी साडेपाचला. आता म्हणे आरशातलं मॉड्यूल 'वीक' आहे, लॅपटॉपवरून प्रोग्राम करावं लागेल. आणि बूस्टर लावला की सरकारी वायरलेस लायसन्स लागतं, नाही तर दंड होतो. दीड तास गाडीत बसला. पुन्हा चाचणी, पुन्हा गेट कोपऱ्यावरून उघडलं. पैसे पाठवले. तीन वेळा पाठवले आणि तिन्ही वेळा समोर वेगळं नाव आलं. एकदा विचारलं तर म्हणाला, 'भाभी का खाता है.' मी मान डोलावली.

आता तो क्षण, जो मला रोज आठवतो. तो बाइकला किक मारत होता. सात वाजून गेले होते. गेटच्या खांबावरचा मोठा एलईडी दिवा, जो अंधार पडला की आपोआप लागतो, तो माझ्या डोळ्यांसमोर लागला. मी गाडी आत घेणार होते, सहज बटण दाबलं. गेट हललं नाही. वीस मिनिटांपूर्वी याच गेटने कोपऱ्यावरून साद दिली होती आणि आता मी पंधरा फुटांवर उभी होते. मी त्याला हाक मारली. तो थांबला, हसला आणि म्हणाला, 'मैडम, ट्यूनिंग सेट होने में चौबीस घंटे लगते हैं.' आणि मी 'अच्छा' म्हटलं. अच्छा! दिवा लागला आणि गेट थांबलं, या दोन गोष्टी एकाच वेळी माझ्या डोळ्यांपुढे घडल्या. मुलांना मी वर्षानुवर्षं हेच सांगते की दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आधी त्यांचा संबंध तपासा. मी तपासला नाही. एका रविवारी दुपारी गेट लांबून उघडलं होतं, तेव्हाही मी नशीब म्हणून सोडून दिलं होतं. तो दिवा आम्ही मे महिन्याच्या शेवटी लावला आणि रेंज जूनमध्ये गेली. सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं.

त्यानंतर त्याचा फोन बंद. दुसऱ्या नंबरवरून लावला तर एक बाई म्हणाली, राँग नंबर.

पुढे भाच्याने महाराणी रोडवरच्या ओळखीतल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनला आणलं. त्यांनी काही उघडण्याआधी मला खांबावरचा दिवा बंद करायला सांगितलं. रात्रीचे नऊ वाजले होते. मी कोपऱ्यावर गेले, बटण दाबलं, गेट उघडलं. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट रेडिओ लहरींचा गोंगाट करतं, आणि मोटरचा रिसीव्हर त्या दिव्यापासून हातभर अंतरावर. आपल्याकडचे बहुतेक गेटचे रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर चालतात. एवढ्या गोंगाटात गाडीतून आलेला बारीक संकेत त्याला ऐकूच जात नाही. मग त्यांनी मोटरचं झाकण उघडलं. अँटेनाची तार गुंडाळी करून लोखंडी पेटीत कोंबलेली होती. ती सरळ करून खालच्या भोकातून बाहेर काढली. या फ्रिक्वेन्सीला साधारण 17 सेंटीमीटर तार सरळ लोंबती हवी, बस. दुसऱ्या कंपनीचा दिवा 480 रुपये, मजुरी 250. गेट आता दिवसरात्र कोपऱ्यावरून उघडतं.

ती काळी डबी त्यांनी माझ्यासमोर फोडली. आत एक चपटा सेल, लुकलुकणारा निळा दिवा आणि तांबडी तार. तारेचं एक टोक गोंदाने चिकटवलेलं, दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. 6,800 रुपये.

आणि लायसन्स? 433 ते 434 मेगाहर्ट्झमध्ये कमी ताकदीच्या अशा उपकरणांना आपल्या देशात लायसन्स लागत नाही. ते 4,200 निव्वळ चोरी. 'प्रोग्रामिंग'ही खोटं. होमलिंकला हातातला रिमोट दाखवायचा, मग मोटरवरचं नवा रिमोट ओळखायला शिकवायचं ('लर्न') बटण दाबून साधारण तीस सेकंदांत गाडीतलं बटण दाबायचं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय, लॅपटॉपची गरज नाही. ही पुस्तिका माझ्या डॅशबोर्डच्या खणात पडून होती. कुणाला रेंजची अडचण असेल तर आधी एवढं करा: हातातला रिमोट खिडकीबाहेर धरून दाबा, मग काच लावून आतून दाबा. फरक मोठा असेल तर काचेवरची धातूची फिल्म आडवी येतेय. दोन्हीकडून रेंज कमी असेल तर दोष बहुधा गेटपाशी आहे, आरशाला कुणालाही हात लावू देऊ नका. आणि चाचणी नेहमी ज्या वेळेला अडचण येते त्याच वेळेला घ्या. माझ्याकडे तो दोन्ही वेळा उजेडात आला होता, हे योगायोगाने झालं असं मला आता वाटत नाही.

तक्रारीचं काय सांगू. ठाण्यात गेले तर दीड तास बाकावर बसवलं. मग, 'मैडम, आदमी घर आया, काम किया, आपने पैसा दिया. इसमें सायबर क्या है?' सायबरच्या खिडकीवर गेले तर, 'घर आया था ना? थाने जाइए.' परत ठाण्यात. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे उकळले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. 1 जुलै 2024च्या आधी हेच 420 होतं. तर हवालदार शेजारच्याकडे बघून हसला, 'आप वकील हैं क्या?' त्या हसण्याने मला जेवढं लागलं तेवढं पैशाने लागलं नाही. डबी टेबलावर ठेवली, कुणी हातही लावला नाही. चौथ्या खेपेला एका कागदावर शिक्का मारून दिला, आवक क्रमांक नाही. बँकेत गेले तर पैसे तुम्ही स्वतः मंजूर केलेत, आम्ही काय करणार. म्हणजे पैसे तीन वेगवेगळ्या नावांवर गेले, ती तीन खाती कुणाची, हे शोधायचं काम कुणाचंच नाही! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे खरं, पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे बिल नाही. मी मागितलं होतं, तो 'व्हॉट्सॲप कर दूँगा' म्हणाला. पत्त्याचं बिल हातात पडेपर्यंत रुपया सोडू नका. आणि फसलात हे कळलं त्याच तासाला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मी नवव्या दिवशी लावला, लाजेपायी, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

डबी, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि गेटच्या कॅमेऱ्यातलं त्याचं चित्रण माझ्याकडे आहे. इंदूरमध्ये कुणाकडे अशीच निळ्या दिव्याची काळी डबी बसवली असेल तर ती काढून फेकू नका, मला कळवा. पुढच्या सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे, या वेळी वरच्या साहेबांकडे. दोघी-तिघी एकदम गेलो तर निदान आवक क्रमांक तरी द्यावाच लागेल.