गंजगोलाईतून घेतलेलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर: अवयव पाडायला भारी, कव्हर मात्र भंगार

लातूरला गंजगोलाईत एका स्टेशनरीच्या दुकानातून पोरीच्या अकरावीसाठी घेतलं, ती क्लासला नेते आणि रात्री मीच खेळत बसायलोय त्याच्यासंगं. यात मूळ अवयव पाडायचं बटन हाय, दहा अंकापर्यंत चालतंय. मग दुकानातच टाकला २ चा ३२ वा घात अधिक १, म्हंजे ४२९४९६७२९७, दुकानदार बगतच राहिला.

हा काय साधासुधा आकडा न्हाई बरं का. फर्मा म्हणून एक जुना फ्रेंच गणिती, त्याला वाटायचं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) या लाईनीतला हा पुढचा पण मूळ संख्याच असणार, १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीनं ६४१ नं भागून दाखवला न खेळ खलास. ह्याला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत १ मिळवूनच येते, हे पण पुढं त्यानंच सिद्ध केलं, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवीच ६४१, कागदावर पण अर्ध्या तासात हुतंय.

मशीननं क्षणात ६४१ × (६७००४१७) दिलं. आता तो कंस का, तर मशीन तीन अंकापर्यंतचेच अवयव शोधतंय, उरलेलं तपासलंच नाही म्हणून कंसात टाकतंय. ६७००४१७ मूळच हाय, पण पोरांना वाटतंय कंस म्हंजे गुणाकार, माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिलंय, कोण वाचतंय!

बटनं मऊ हायत, स्क्रीन उन्हात पण दिसती. कव्हर लई ढिलं, दप्तरात निघून पडतंय. पाचपैकी चार.