घरगुती साबणपुडीच्या जोडीला ऑक्सिजन ब्लीच

साबणाचा कीस आणि धुण्याचा सोडा मिसळून केलेली पूड मी वर्षभर वापरत आहे. रंगीत कपड्यांबाबत तक्रार नाही. पांढऱ्या अभ्र्यांवर मात्र हळूहळू करडी झाक चढत गेली आणि टॉवेल इतके मेणचट झाले की त्यांच्यावर पडलेला पाण्याचा थेंब मुरण्याऐवजी मोत्यासारखा उभा राहू लागला. म्हणून ऑक्सिजन ब्लीचची पावडर आणली. घटकांत केवळ सोडियम परकार्बोनेट असलेली मुद्दाम निवडली.

पहिला प्रयोग फसला आणि दोष माझाच होता. ही पावडर पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते व ते डागाचा रंग घालवते. परंतु पाणी 40 अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर हे काम फार रेंगाळते. दुसऱ्या वेळी सुमारे 60 अंशांच्या पाण्यात कपडे दोन तास बुडवून ठेवले, तेव्हा कॉलरवरचा घामाचा पिवळा पट्टा आणि चहाचा जुना डाग दोन्ही गेले.

करडेपणा मात्र निम्माच उतरला, कारण तो डाग नव्हताच. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. तो धाग्यांना चिकटतो आणि मळही धरून ठेवतो. ब्लीच रंगावर चालते, साक्यावर नाही. शेवटी तेच कपडे तयार डिटर्जंटच्या गरम पाण्यात भिजवले, तेव्हा पाणी गढूळ झाले आणि टॉवेल पुन्हा पाणी टिपू लागले. आता सोडा आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मगच साबण घालते आणि ब्लीच महिन्यातून दोनदा वापरते.

बाजारच्या पुडीसारखी निळसर चकाकी यातून मिळत नाही, कारण ती अतिनील किरणे शोषून निळा प्रकाश फेकणाऱ्या रसायनांची करामत असते. मला सुताचा साधा पांढरेपणा पुरतो. ज्यांना पुरत नाही, त्यांनी नीळ घालावी. लोकर आणि रेशीम यांना ही पावडर लावू नये, तसेच तिचे द्रावण झाकण लावलेल्या बाटलीत साठवू नये, कारण आत वायूचा दाब वाढतो.

खरी तक्रार वेष्टनाची आहे. पिशवी एकदा फोडली की नीट बंद होत नाही. ओल लागून माझ्या पावडरीचे खडे झाले आणि तिचा जोरही उतरला.