पावलं मोजायला मनगटावरचा बँड की कमरेची क्लिप?

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांचे उपचार घेऊन घरी आलेल्या रुग्णासाठी पावलं मोजायचं साधन म्हटलं की सगळे फिटनेस बँड आणतात. धडधाकट माणसाला तो पुरतो. घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी मात्र आमचं मत कमरेला लावायच्या क्लिपच्या बाजूने आहे.

बँडला पाऊल दिसत नाही. हाताच्या झोक्यावरून तो पाऊल ओळखतो. अशक्त रुग्ण सावकाश चालतो, वॉकर धरतो, भिंतीचा आधार घेतो. हात हललाच नाही तर पाऊल धरलं जात नाही, आणि बसल्या बसल्या कपड्यांच्या घड्या घातल्या तर नसलेली पावलं जमा होतात. शिवाय बरीच साधनं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत, त्यामुळे पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची फेरी हिशेबात येत नाही. या दिवसांत खरं चालणं तेवढंच असतं!

क्लिप घेताना ती तीन अक्षांची, म्हणजे तिन्ही दिशांची हालचाल ओळखणारी आहे का, हे विचारा. जुन्या स्प्रिंगच्या पेडोमीटरला सरळ उभंच राहावं लागतं. सैल पायजम्यावर तो कलला की मोजणी बिघडते. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे पायाच्या नसा बधिर होऊन रुग्ण पाय घासत चालत असेल, तर कमरेची क्लिपही पावलं चुकवते. अशा वेळी घोट्यावर बांधायचं साधन जास्त भरवशाचं. फोन या कामाचा नाही, कारण घरात तो टेबलावरच पडून असतो.

पारख सोपी आहे. रुग्णाच्या नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या आधारासह, मोठ्याने मोजत ५० पावलं चालवा. तेवढी झेपत नसतील तर २० पुरेत. ५० पैकी ४५ ते ५५ आकडा आला तर साधन ठेवा. ३० आला तर जागा बदलून पुन्हा पाहा. वॉकर सुटला, चाल सुधारली की हीच चाचणी बँडवर करा. तेव्हा बँडही चालेल.

बँडच वापरायचा असेल तर पिक लाइन (औषधं देण्यासाठी दंडाच्या शिरेतून घातलेली बारीक नळी) असलेल्या हातावर तो नको. प्लेटलेट कमी असताना घट्ट पट्ट्याखाली लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग येतात, म्हणून आत एक बोट सहज जाईल इतका सैल ठेवा. कापडी आणि चामड्याचे पट्टे घाम धरून ठेवतात. पांढऱ्या पेशी कमी असताना सिलिकॉनचाच घ्या, रोज साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडा करूनच घाला. कॅलरी आणि ‘व्यायामाची तीव्रता’ हे आकडे सोडून द्या: हिमोग्लोबिन कमी असलं की चार पावलांतही ठोके वाढतात आणि साधन त्याला जोरदार व्यायाम समजतं.

बहुतेक साधनांत आधीच भरलेलं १०,००० पावलांचं लक्ष्य आधी काढून टाका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पेडोमीटरच्या नावातून आला, रुग्णांच्या तपासणीतून नव्हे. सात दिवस काहीही न बदलता मोजा, साधन काढून ठेवलेले दिवस वगळा आणि सरासरी काढा. १,२०० आली तर डॉक्टरांच्या संमतीने पुढच्या आठवड्यात १,३०० पुरे. केमो चालू असेल तर कालच्या आकड्याशी तुलना करू नका. केमोच्या या फेरीचा आठवा दिवस मागच्या फेरीच्या आठव्या दिवसाशी ताडून पाहा. रक्तातल्या पेशी कमी झालेल्या दिवसांत आकडा घसरणारच, त्यासाठी रुग्णाला ‘अजून थोडं चाल’ म्हणून टोचू नये.

तशी घसरण अपेक्षित नसताना दोन-तीन दिवस पावलं निम्म्यावर राहिली, तर डॉक्टरांना तारखांसह आकडे सांगा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर पावलांचा आकडा बघत बसू नका, लगेच रुग्णालयाला फोन करा.